एका दमात घेतलेलं नाव

वैशालीने माझा हात हातात घेतला तेव्हा मला वाटलं, जुन्या बाईंना बघून मुलीला भरून आलं. फाल्गुनातली सकाळ होती. आठवडाभराच्या सर्दीने माझी छाती भरली होती आणि भाच्याने मला रिक्षात घालून दवाखान्याच्या इमर्जन्सीत आणून बसवलं होतं. वैशाली माझं मनगट धरून, माझ्या खांद्याकडे बघत उभी राहिली आणि विचारू लागली, "बाई, तुम्ही तो दाळव्यांचा चिवडा करायच्या ना संमेलनाला, त्यात लसूण आधी घालायच्या की नंतर?"

मी तिला सविस्तर सांगितलं. लसूण आधी, कढीपत्ता मागून, आणि दाळवं अगदी शेवटी. मिनिटभराने तिने हात सोडला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. आयुष्यभर मुलांच्या वह्या उलट्या बाजूने वाचलेल्या असल्यामुळे मला ते लगेच वाचता आलं. श्वास, मिनिटाला चोवीस.

"तू माझे श्वास मोजत होतीस?"

"हो."

"मग सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तुम्ही नीट घेतले असते, बाई. इन्स्पेक्टर वर्गात आल्यासारखे." माझ्या तोंडाला वाफेच्या औषधाचा मास्क लावता लावता ती म्हणाली, "आणि चिवड्याचं वाक्य तीनदा तुटलं तुमचं. आता गप्प बसा."

शाळेत मी तिला हेच वाक्य किती वेळा म्हटलं असेल, त्याची आठवण तिलाही असावी. गालातल्या गालात हसत ती पुढच्या पेशंटकडे गेली.

वैशाली पाचवी ते आठवी माझ्या वर्गात होती. बुऱ्हाणपुरातल्या आमच्या मराठी शाळेत तेव्हा एका वर्गात तीस-बत्तीस मुलं असायची. त्यांत ती हुशार म्हणून नव्हे, तर शांत म्हणून लक्षात राहिली. शांत म्हणजे बुजरी नव्हे. बघत बसणारी. निबंधात चार ओळींच्या वर लिहायची नाही, पण त्या चार ओळींत डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी असायचं. 'माझे वडील' या विषयावर सगळ्या वर्गाने वडिलांचे कष्ट आणि प्रेम लिहिलं. वैशालीने लिहिलं होतं, 'माझे वडील गल्लीच्या तोंडापासून मला हाक मारतात. मागच्या वर्षी ते वैशाले पाणी आण गं असे म्हणत. या वर्षी वैशाले पाणी एवढेच म्हणतात.'

मी तेव्हा लाल शाईने 'वाक्य अपूर्ण वाटते' असा शेरा मारला होता.

तिचे वडील, अनंतराव, जिनिंगमध्ये कामाला होते, जिथे कापसातून सरकी वेगळी करतात. तिथली हवा म्हणजे पांढरं धुकंच. संध्याकाळी ते घरी यायचे तेव्हा भुवयांवरही कापसाचे तंतू असायचे. पुढे अनंतरावांची छाती कायमची बिघडली आणि घरात एक वेगळंच माप सुरू झालं. "आज बाबा पाच शब्दांवर आहेत," असं वैशाली आईला सांगायची. पाच शब्दांवर असले की घरी ठीक. दोन शब्दांवर आले की दवाखाना. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. बोलायला हवा लागते, आणि हवा कमी पडली की माणूस आधी शब्दांत काटकसर करतो, हे तिने गल्लीच्या तोंडाशी उभं राहून ओळखलं होतं. अनंतराव अजून आहेत. हल्ली तीन शब्दांवर असतात, पण त्या तीन शब्दांतही सुनेची आणि सरकारची खोडी काढतात.

बारावीनंतर वैशाली इंदूरला नर्सिंगला गेली आणि परत येऊन या दवाखान्यात लागली. त्याला चौदा वर्षं झाली. मनगटावर अजूनही सेकंदकाटा असलेलं साधं घड्याळ. बाकीच्या मुली पंधरा सेकंद मोजून चाराने गुणतात. वैशाली पूर्ण मिनिट मोजते. नाडी बघतेय असं दाखवत मनगट धरायचं आणि डोळ्यांनी छातीचं, पोटाचं वर-खाली होणं मोजायचं. मोजून झालं की बोलायला लावायचं. बाप्या माणसाला विचारायचं, तुमच्या गावाला कसं जायचं हो? आमच्याकडचा माणूस वाट सांगायला लागला की पुलापासून पिंपळापर्यंत थांबत नाही. तो जिथे थांबेल तिथे त्याची हवा संपली. म्हाताऱ्या बाईला विचारायचं, बट्टीच्या पिठात मोहन किती घालता? आणि लग्न झालेली असली तर सरळ सांगायचं, "नाव घ्या!"

उखाणा म्हणजे दोन ओळींचा. चांगल्या छातीच्या बाईला तो एका दमात येतो. अर्ध्यात तुटला तर कुठे तुटला ते वैशाली लक्षात ठेवते. नवीन डॉक्टर आले की त्यांना हा प्रकार पोरखेळ वाटतो. मग महिन्याभरात तेच विचारायला लागतात, "सिस्टर, बेड चारचं नाव कुठपर्यंत आलं?"

त्या सकाळी ड्युटीवर होते डॉक्टर ऋषिकेश. पंचविशीतला मुलगा, इंदूरच्या मराठी घरातला, इथे येऊन दुसराच आठवडा. वागायला नम्र, हाताला चपळ. त्याचा महिना अजून भरायचा होता एवढंच.

मी मास्क लावून बेडवर बसले होते, तेवढ्यात नंदकुमारशेठ आले. ते आले ते आवाजासकट. मागे दोन मुलगे, एक जावई आणि दुकानातला मुनीम.

"अरे कोई देखेगा भी मेरे को? दम घुट रहा है मेरा! सकाळपासून सांगतोय, छातीवर दगड ठेवल्यासारखं होतंय, पण घरात माझं ऐकतं कोण, दुकानात माझं ऐकतं कोण, आता इथेही तेच का?"

वैशाली घड्याळ बघत शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली. "शेठजी, झालं?"

"झालं काय? सुरुवात आहे ही!"

"छान. छातीचं नाव काढलंत म्हणून ईसीजी आत्ता काढू. पण घाबरू नका. एवढं सगळं तुम्ही एका दमात बोललात. हवा पोचतेय तुम्हाला."

"बघा, म्हणजे माझ्या बोलण्यावरच आलं सगळं!" शेठजी जावयाकडे वळून म्हणाले. जावई बिचारा छताकडे बघू लागला.

ऋषिकेश आणि ईसीजीवाला शेठजींभोवती, मुलगे त्या दोघांभोवती, असा सगळा घोळका एका बाजूला झाला. त्याच वेळी दाराशी एक पिकअप गाडी थांबली, केळीचे घड वाहून नेतात ती. त्यातून चाळिशीचा एक माणूस उतरून आत आला. त्याच्या तीन पावलं मागे एक बाई. हनुवटीपर्यंत पदर. स्वतःच्या पायांनी चालत आली आणि दाराजवळच्या बाकावर बसली. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवलेले, मान पुढे झुकलेली. मोठ्यांच्या समोर सून बसते तशीच. मी आयुष्य या गावात काढलं, मलाही त्यात वेगळं काही दिसलं नाही.

दाराशी वॉर्डबॉयने नाव-गाव विचारलं, ते सगळ्यांना ऐकू आलं. त्या माणसाचं नाव दगा. चांदनीच्या अलीकडे त्यांची केळी आणि कापूस. बाई म्हणजे त्याच्या धाकट्या भावाची, निरंजनची बायको, मालूबाई. म्हणजे दगा तिचा जेठ. आमच्या भागात सून जेठासमोर चेहरा उघडा टाकत नाही आणि त्याच्याशी बोलत नाही. काही सांगायचंच असलं तर मधल्या माणसाला सांगते, आणि मधला माणूस नसला तर भिंतीला. नव्या पिढीत हे सैल झालंय, पण दगाच्या घरात अजून होतं. त्या दिवशी मधलं माणूसच नव्हतं. निरंजन केळीचा ट्रक घेऊन दिल्लीच्या वाटेवर, आणि घरातल्या बाकी बायका इच्छापूरला देवीची ओटी भरायला गेलेल्या.

ऋषिकेश ईसीजी सोडून दोन मिनिटं तिकडे आला. "काय त्रास होतोय, ताई?"

उत्तर दगाने दिलं. "साहेब, चार महिने कापूस घरात भरून ठेवेल होता. मधल्या खोलीत, पार आढ्यापर्यंत. आज व्यापाऱ्याची गाडी आली, आम्ही भरून दिला. मागून हिने खोली झाडली. तेव्हापासून दम लागी राहिला, असं शेजारच्या पोरीने सांगितलं."

"ताई, बोलताना दम लागतो का?"

मालूबाईची मान हलली. हो की नाही, ते पदरामुळे कळलं नाही.

"ती माझ्यासमोर बोलत नाही, साहेब," दगा जरा ओशाळून म्हणाला. "मी जेठ लागतो. पण आता बराच आराम आहे. घरून निघताना छातीत शिट्टी वाजत होती, अंगणापर्यंत ऐकू यायची. आता बंद झाली."

ऋषिकेशने तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. चौऱ्याण्णव. मागे जाऊन पदरावरूनच पाठीला नळी लावली, दोन ठिकाणी. शिट्टी नव्हती. "छाती साफ वाटतेय. बसू द्या, वाफ देऊ थोड्या वेळात," असं म्हणून तो पुन्हा शेठजींकडे गेला, कारण शेठजी आता ईसीजीच्या कागदावर चर्चा करत होते. दगाने खिशातून बिस्किटाचा पुडा काढला आणि मालूबाईच्या बाजूला बाकावर ठेवला. तिने पुड्याकडे पाहिलंही नाही.

वैशाली सलाइनचा स्टँड घेऊन तिथून जात होती. जाता जाता थांबली. स्टँड भिंतीला टेकवला आणि मालूबाईसमोर उकिडवी बसली. मनगट धरलं. छाती पदराआड, पोट पदराआड, मोजायचं कसं? माझं लक्ष तिच्या डोळ्यांकडे होतं. ती पदराच्या काठाकडे बघत होती. तोंडासमोरचा तो हिरवा काठ आत ओढला जात होता, बाहेर येत होता, पुन्हा आत. एकदा दिसल्यावर ते मलाही दिसत राहिलं. इतक्या भराभर कापड हलताना मी वाऱ्यातच पाहिलं होतं.

पूर्ण मिनिट मोजणाऱ्या वैशालीने अर्ध्या मिनिटात हात सोडला.

"दगाभाऊ, खिडकीवर जाऊन यांचा कागद करून आणा. आत्ता, पळत."

तो गेला. त्याची पाठ वळताच वैशालीने पदर वर केला. मालूबाई तिशीची असेल. कपाळावर घामाचे थेंब, ओठांवर राखेसारखा रंग. प्रत्येक श्वासाला गळ्याखालचा खळगा आत जात होता, एवढा की त्यात सुपारी मावावी.

"मालूताई, नाव घ्या."

मालूबाईने तोंड उघडलं. "नि..." एवढंच आलं. मग तिने डोळे मिटले आणि मान हलवली.

"डॉक्टर!" वैशालीने हाक मारली. मोठ्याने नव्हे, पण शेठजी सुद्धा गप्प झाले.

ऋषिकेश आला. "सिस्टर, मी ऐकलं होतं. साफ आहे, शिट्टी नाही..."

"साफ नाही, सर. हवाच जात नाही, म्हणून आवाज नाही. अर्ध्या मिनिटात एकोणीस आहेत. एक अक्षर बोलली. पदराखालून लावून बघा."

त्याने नळी कातडीला लावली. एकीकडे, दुसरीकडे, खाली. त्याचा चेहरा उतरला, पण हात थांबले नाहीत, हे मला त्याचं आवडलं. चिमटा पुन्हा लावला. अठ्ठ्याऐंशी.

"बाई, तुमचा बेड द्या," वैशाली म्हणाली. मी मास्क काढून उतरलेच होते.

पुढची दहा मिनिटं मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून पाहिली. घाई होती, गडबड नव्हती. ऑक्सिजन चालू झाला, त्याच्या जोरावर वाफेची दोन औषधं एकत्र. हातात सुई, सुईतून सूज उतरवायचं इंजेक्शन. मग ऋषिकेशने श्वासनळ्या सैल करणारं मॅग्नेशियम मागितलं, तर ते वैशालीने आधीच सलाइनमध्ये मिसळून हातात धरलेलं होतं. "वीस मिनिटांत जाऊ द्या," तो म्हणाला. "वीस," ती म्हणाली. आयसीयूत फोन झाला, जागा राखून ठेवायला सांगितलं. मालूबाईच्या पापण्या जड होऊ लागल्या तशी वैशाली तिच्या कानाशी वाकली. "मालूताई, झोपायचं नाही. माझ्याकडे बघा. तुम्हाला नाव पूर्ण करायचंय अजून."

तेवढ्यात दगा कागद घेऊन आला आणि दारातच थिजला. मग त्याला दोन गोष्टी एकदम दिसल्या. भावजय मरणाच्या दारात आहे आणि तिचं तोंड उघडं आहे. त्याने पटकन मान फिरवली.

"आडवी करा ना तिला, आराम पडेल," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

"आडवं केलं तर जीव जास्त घाबरा होईल. बसूनच बरी आहे."

"आणि पदर..."

"मास्कवर पदर येणार नाही, भाऊ. तुम्ही पाठ करून उभे राहा, हरकत नाही. पण जाऊ नका. बोलत राहा. इथे तिच्या ओळखीचा आवाज एक तुमचाच आहे."

"मी? तिच्याशी?"

"भिंतीशी बोला. तिला ऐकू येईल."

दगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. घसा साफ केला. भिंतीवर लहान मुलांच्या लसीकरणाचा तक्ता होता. त्या तक्त्याला तो सांगू लागला. "निरंजनला फोन लावला. ग्वाल्हेरच्या पुढे आहे. माल दुसऱ्याच्या हवाली करून निघतो म्हणाला. घाबरायचं कारण नाही. देवीला गेलेल्या बायांनाही निरोप दिला. गाय... गाईला मी पाणी पाजेल आहे. वासरू सोडेल नाही." मग त्याला सुचेना. "चूल विझवली का नाही, माहीत नाही. पण शेजारच्या पोरीला बघायला सांगेल आहे."

मास्कच्या वरून मालूबाईचे डोळे त्या पाठीकडे लागले होते. मिटत नव्हते.

मॅग्नेशियमची बाटली अर्ध्यावर आली असेल. खोलीत एक आवाज सुरू झाला. बारीक, लांब, रडक्या पिपाणीसारखा. दगा दचकला. "सुरू झालं! पुन्हा सुरू झालं! ताई, बंद झालेलं होतं, तुम्ही काय केलं?"

वैशाली त्या दिवशी पहिल्यांदा मोकळी हसली. "वाजू द्या, भाऊ. हवा जायला लागली म्हणून वाजतंय. मघाशी जायलाच जागा नव्हती."

ऋषिकेश पुन्हा नळी लावून ऐकत होता, डोळे मिटून. त्याने वैशालीकडे बघून मान हलवली. चिमट्यावर त्र्याण्णव होते, मग पंचाण्णव. मिनिटाला बत्तीस श्वास, मग अठ्ठावीस. वैशाली प्रत्येक वेळी पूर्ण मिनिट मोजत होती.

नंदकुमारशेठ आपला नॉर्मल ईसीजी हातात घेऊन, कुणाला त्रास न देता, मुलांना घेऊन निघाले. जाताना दाराशी थांबून त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "बहू ठीक है ना?" मग बाहेर गेल्यावर त्यांचा आवाज पुन्हा मूळ पदावर आला.

दुपारी मालूबाईला वर हलवल्यावर ऋषिकेश हात धूत उभा होता. पाणी वाहत राहिलं, तो हात धूतच राहिला.

"सिस्टर, मी पदरावरून ऐकलं."

"हो."

"तो माणूस समोर उभा होता. पदर बाजूला घ्या म्हणायला मला अवघड वाटलं."

"पहिल्या वर्षी मलाही वाटायचं," वैशाली म्हणाली. "मग मी बाप्यांना कामं सांगायला शिकले. कागद आणा, पाणी आणा, चप्पल कुठेय बघा. दोन मिनिटं मिळतात." तिने नळ बंद केला.

दगाचं मात्र समाधान होत नव्हतं. तो जिन्याच्या पायरीवर बसून होता. वैशाली दिसली तसा उठला. "ताई, मी गाडीत दोनदा विचारलं. ती मागे होती, मी पुढून, खिडकीतून. 'बरं आहे का?' म्हणून. ती बोलली नाही. मला वाटलं, मर्यादा राखी राहिली."

"पहिल्यांदा तेच असेल," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा बोलता येत नसेल. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, भाऊ."

"मी अकरा वर्षांत तिचा आवाज ऐकेल नाही," दगा म्हणाला. "ऐकेल असता, तर आज ओळखलं असतं का, आवाज बंद झाला म्हणून?"

वैशालीने खोटं सांगितलं नाही. "हो, ओळखलं असतं," म्हणाली, आणि त्याच्याजवळ पायरीवर बसली. मग त्याला विचारलं, कापूस दरवर्षी त्याच खोलीत भरता का, आणि ती कुठे झोपते. त्याच खोलीत, कापसाच्या पायथ्याशी. दरवर्षी दिवाळीपासून होळीपर्यंत खोकते. घरात सगळे म्हणायचे, हिला थंडी सोसत नाही.

दुसऱ्या दिवशी मी वाफ घ्यायला पुन्हा गेले, आणि खरं सांगायचं तर मालूबाईला बघायलाही गेले. ती वरच्या वॉर्डात उशीला टेकून बसली होती. ओठांना रंग आला होता. निरंजन रात्रभर प्रवास करून पोचला होता. दाढी वाढलेला, चांगल्या स्वभावाचा, घाईतला माणूस. त्याच्या पुढच्या दिवशी होळी होती आणि त्याला बायकोला घरी न्यायचं होतं. मालूबाईलाही जायचं होतं, तिच्या दोन्ही मुली घरी होत्या. चिमटा सत्त्याण्णव दाखवत होता. वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरांनी फेरी मारताना 'संध्याकाळी सोडायला हरकत नाही' असं म्हटलं होतं, फक्त जाण्याआधी ऋषिकेशने पुन्हा बघावं एवढं सांगून.

वैशाली ड्युटी संपवून, पर्स खांद्याला लावून वर आली. दगा पडद्याच्या बाहेर उभा होता.

"नाव घ्या, मालूताई."

शेजारच्या बेडवरच्या बायका उठून बसल्या. मालूबाई लाजली, पदर सारखा केला आणि सुरू झाली. "असीरगडाच्या पायथ्याशी कापसाची रास, निरंजनरावांना..." तिथे थांबली. एक श्वास घेतला. "भरवते..." आणखी एक. "पुरणाचा घास."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. वैशालीने वाजवल्या नाहीत. तिने ऋषिकेशकडे पाहिलं. तोही टाळी वाजवत नव्हता.

"उद्या बघू," तो म्हणाला.

"म्हणजे?" निरंजनला कळेना. "नाव अडखळलं म्हणून सुट्टी नाही? असा कोणता कायदा आहे, डॉक्टरसाहेब? लग्नातही ती इथेच अडखळली होती!"

"तेव्हा लाजून अडखळली असेल," वैशाली म्हणाली. "आज दमाने अडखळली. घरी जाऊन रात्री पुन्हा बंद पडली तर चांदनीहून इथवर यायला किती वेळ लागतो, ते तुमच्या भावाला विचारा."

पडद्यापलीकडून दगाचा आवाज आला. "निरंजन, गप बस. सिस्टर नाही म्हणतात म्हणजे नाही."

मोठ्या डॉक्टरांना ऋषिकेशने स्वतः जाऊन सांगितलं. ते हसले म्हणे, पण थांबवून घेतलं. त्याच रात्री मालूबाईला पुन्हा थोडा दम लागला. औषधं हाताशी होती, अर्ध्या तासात उतरला. वैशाली घरी होती. तिला सकाळी कळलं तेव्हा तिने फक्त केव्हा आणि किती, एवढंच विचारलं.

होळीच्या दिवशी सकाळी माझी वाफ बंद झाली होती, तरी मी गेले. पुरणपोळीचा डबा घेऊन गेले, म्हणजे जायला कारण झालं. वैशाली मालूबाईला तोंडाने ओढायचा पंप शिकवत होती. "आधी श्वास पूर्ण सोडा. मग दाबा आणि ओढा. मग दहापर्यंत थांबा. दहा म्हणजे दहा, सात नाही." मालूबाईने चारदा करून दाखवलं. चौथ्यांदा वैशाली म्हणाली, "आता कापसाच्या खोलीबद्दल सांगते..."

"कापूस आता शेडमध्ये जाईल," पडद्याबाहेरून दगा म्हणाला. "पत्रे काल आणेल आहेत. खोली धुऊन काढली, मी आणि पोरींनी. ती नसताना."

"चांगलं केलंत. मालूताई, नाव."

या वेळी शेजारच्या बायका गप्प होत्या, ऋषिकेश पायथ्याशी उभा होता आणि निरंजनने तर चक्क हात जोडले होते. मालूबाईने पदर डोक्यावर घेतला. चेहऱ्यावर नाही घेतला. पडद्याबाहेर जेठ उभा आहे हे तिला माहीत होतं. तिने छातीभर श्वास घेतला आणि खणखणीत आवाजात, कुठेही न तोडता म्हटलं:

"असीरगडाच्या पायथ्याशी कापसाची रास, निरंजनरावांना भरवते पुरणाचा घास!"

कुणी काही बोलायच्या आत पडद्यापलीकडून प्रश्न आला. "एका दमात झालं का, ताई?"

"एका दमात," वैशाली म्हणाली.

खाली पिकअप उभी होती. निरंजन सवयीने बायकोसाठी मागची फळी उघडू लागला. दगा गाडीच्या पुढे वळसा घालून आला. मालूबाईकडे बघितलं नाही, समोरच्या रस्त्याकडे बघितलं, पण यावेळी भिंतीला सांगितलं नाही.

"मालूबाई, पुढे बसजा. मागे धूळ लागते." मग भावाकडे वळून म्हणाला, "निरंजन, तू मागे."